मागितला वर्ग, मिळाला पट

गेल्या दिवाळीला या पानावर मी चकल्यांबद्दल लिहिलं होतं आणि नंतर आलेल्या फोनांवरून कळलं, की आपल्यापैकी निम्म्याजणींच्या चकल्या तेलात मोडतात. या वर्षी चकलीला सुट्टी. या वर्षी मोडलं ते रविवारच्या मराठी शाळेचं गुणपत्रक, आणि मोडणारी मी.

आपल्या शाळेचे निकाल एक जुना प्रोग्रॅम काढतो. तो पर्ल नावाच्या भाषेत एका काकांनी फार पूर्वी लिहिला. काका निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेले तेव्हा एक पेन ड्राइव्ह आणि "अडलं तर फोन कर गं" एवढं ठेवून गेले. कार्यकारिणीच्या बैठकीत "कोण घेणार?" असं विचारल्यावर सगळे आयटीवाले आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. मी हात वर केला. साताऱ्याला सात वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, एम.ए. केलं आणि एच-फोर व्हिसावर न्यू जर्सीला आले. २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना नोकरी करता येते, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका ठरावीक पायरीवर पोचावं लागतं. आमचं पोचलेलं नाही. तेव्हा गुणांचा तक्ता, मुलांची नावं, निकालाची तारीख हे ऐकल्यावर हात आपोआप वर गेला, यात नवल नाही.

काकांच्या वेळी विषय पाच होते: वाचन, लेखन, व्याकरण, पाठांतर, संभाषण. त्यांनी सगळ्या मुलांचे सगळे गुण एकाच लांबलचक ओळीत ठेवले होते. दर पाच आकड्यांनी मूल बदलायचं. या वर्षी शाळेनं सहावा विषय घातला, श्रवण. झालं! दुसऱ्या मुलाचं वाचन म्हणून पहिल्याचं श्रवण यायला लागलं आणि शेवटाकडे तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. ओळ टाकून खरा तक्ता करायचा, आडव्या ओळीत मूल आणि उभ्यात विषय, असं मी ठरवलं.

भाषेची भीती होती. पण वाचता वाचता कळलं, की पर्ल बनवणारा लॅरी वॉल मूळचा भाषाशास्त्राचा विद्यार्थी. तो आणि त्याची बायको बर्कलीला शिकत होते ते लिपी नसलेली एखादी भाषा शोधून तिला लिपी द्यायची, या इराद्यानं. तब्येतीच्या कारणानं ते राहिलं, आणि १९८७ साली त्याच्या हातून पर्ल आली. त्यामुळे असेल, पण या भाषेला चक्क वचन आहे. नावाच्या आधी $ असेल तर एकवचन, @ असेल तर अनेकवचन. मराठीच्या बाईंना याहून ओळखीचं काय असणार?

सबरूटीन म्हणजे प्रोग्रॅममधला एक गडी. त्याला काम सांगायचं, तो करून काहीतरी आणून देतो. माझ्या गड्याचं काम होतं फाइल वाचायची आणि दोन गोष्टी परत द्यायच्या: मुलांची @नावं आणि गुणांचा @तक्ता. (खऱ्या प्रोग्रॅममध्ये नावं इंग्रजीत आहेत, इथे छापायला मराठी लिहिते आहे.) त्यानं दोन्ही दिलं, पण एकत्र ओतून. पाहुण्यांना फराळ बांधून देताना चिवडा आणि शंकरपाळे एकाच पिशवीत मोकळे टाकावेत, तसं. घेणाऱ्या बाजूला मी दोन भांडी मांडली होती. पहिल्या भांड्यात सगळं गेलं आणि दुसरं रिकामं राहिलं. पर्ल इथे चुकत नाही, तिचा नियमच तो आहे. सबरूटीनमधून अनेकवचनी गोष्टी बाहेर पडल्या, की त्यांची एकच सपाट ओळ होते. चिवडा कुठे संपला हे सांगायची सोयच त्या ओळीत नाही.

मग म्हटलं, नावं राहू देत, नुसता तक्ता आण. घेताना मात्र चुकून $ लिहिलं, म्हणजे एकवचन. हातात आलं २३. मी बराच वेळ त्या तेवीसकडे बघत बसले. मग लक्षात आलं, वर्गात मुलं तेवीस! मी वर्ग मागितला आणि मला पट मिळाला. अनेकवचन एकवचनात मागितलं, की पर्ल त्याची संख्या देते. इन्स्पेक्शनला येणारे साहेबही हेच करायचे.

उपाय १९९४ साली आलेल्या पर्ल ५ पासून भाषेतच आहे. काका पर्ल त्याच्या आधी शिकलेले, म्हणून त्यांची ती लांब ओळ. उपाय असा, की वस्तू द्यायची नाही, वस्तूचा पत्ता द्यायचा. @तक्ता याच्या आधी उलटी तिरकी रेघ काढली, \@तक्ता, की तो तक्त्याचा पत्ता होतो. पत्ता एकवचनी. दोन तक्ते असतील तर दोन पत्ते, आणि ते ओळीत ठेवले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. तक्त्याची प्रत्येक आडवी ओळसुद्धा अशीच पत्त्यानं आत बसते, कारण पर्लच्या ॲरेच्या एका खणात एकच गोष्ट मावते, अख्खी ओळ मावत नाही. पहिल्यांदा छापून बघितलं तर गुणांच्या जागी 'ॲरे' हा शब्द आणि पुढे कंसात एक अगम्य आकडा. तोच पत्ता. त्या घरात जाऊन आणायचं मी विसरले होते.

आमच्याकडे यावरून वाद झाला. नवरा जुना सी भाषावाला. तो म्हणाला, "अगं, सबरूटीनच्या आतल्या ॲरेचा पत्ता बाहेर द्यायचा नसतो. काम संपलं की ते घर पाडतात." मी म्हटलं, "अरे, तुझ्या सीमध्ये पाडत असतील." पर्ल प्रत्येक घराकडे किती जणांचा पत्ता रोखलेला आहे ते मोजत असते, आणि एकाकडे जरी पत्ता असला तरी घर पाडत नाही. त्यानं पुस्तक उघडून खात्री करून घेतली आणि भांडी घासायला गेला. त्या रात्री मी फार खुशीत होते, हे कबूल करते. त्याच खुशीत शनिवारी संध्याकाळी तेवीस मुलांची गुणपत्रकं ईमेलनं गेली.

साडेनऊला आपल्या शाळेतल्या जुळ्यांच्या आईचा फोन. "आमच्या दोघांना सहाच्या सहा विषयांत सारखेच गुण कसे?" मी हसले. म्हटलं, जुळेच ते! फोन ठेवला आणि हात गार पडले.

तेवीस मुलांना सारखेच गुण गेले होते. हजेरीत जिचं नाव शेवटी आहे, तिचे. मी एका मुलाचे गुण भरायला @ओळ घेतली होती, पण ती लूपच्या बाहेर, एकदाच. प्रत्येक फेरीत त्याच ओळीत नवे गुण भरायचे आणि तिचा पत्ता तक्त्यात टाकायचा. पत्ते तेवीस जमले, घर मात्र एकच, आणि त्यात शेवटी राहायला आलेली ती मुलगी. तपासताना मी फक्त शेवटची ओळ पडताळली होती, म्हणजे नेमकी बरोबर असलेली. दुरुस्ती इतकीच, की @ओळ लूपच्या आत आणायची, म्हणजे दर फेरीला नवं घर. किंवा चौकोनी कंसात [@ओळ] लिहायचं, की ताजी प्रत निघते.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. बावीस फोनांना रात्रीचे पावणेबारा झाले. बहुतेक आया हसल्या, एक जरा तोडून बोलली. एक फोन मात्र राहवेना म्हणून शेवटी ठेवला. हा मुलगा अकरा वर्षांचा. आई नागपूरची, बाबा अमेरिकन. वर्षभर मागच्या बाकावर हात बांधून बसतो. त्याला वाचनात वीसपैकी अठरा गेले होते, खरे होते नऊ. आई म्हणाली, "त्यानं लगेच आजीला फोन केला हो. नागपूरला तेव्हा सकाळ, आजीनं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. राहू द्या ना त्याचे अठरा. कुणाला कळणार आहे?"

मोह झाला. सात वर्षांच्या नोकरीत मी साडेचौतीसाचे पस्तीस केलेले आहेत. पण नवाचे अठरा नव्हते केले. म्हटलं, उद्या मीच सांगते त्याला.

रविवारी वर्ग सुटल्यावर लॅपटॉप उघडून त्याला सगळं दाखवलं. आधी त्याची स्वतःची ओळ. तो नऊकडे बघत राहिला, कान लाल झाले. मी म्हटलं, चूक माझी आहे, बघ, ही इथे. त्यानं स्क्रीन स्वतःकडे वळवली. पर्ल त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती, पण शाळेत पायथन शिकतो.

"मावशी, तू सेम लिस्टच परत परत अपेंड केलीस!" (इथली मुलं सगळ्यांनाच तू म्हणतात.) "पायथनमध्येपण असंच होतं. माझं झालं होतं."

"मग आजीला काय सांगणार?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "नाइन सांगणार. अँड बग सांगणार. बगला मराठीत काय म्हणतात?"

मला पटकन सुचलं नाही. 'चूक' म्हटलं तर ते त्याला पुरेसं वाटेना. शेवटी आम्ही 'घोळ' वर आलो, आणि तो त्यानं वहीत लिहून घेतला. ळ उलटा काढला होता, तो सुधारला.

प्रोग्रॅममध्ये आता प्रत्येक सबरूटीनच्या डोक्यावर मराठीत दोन ओळी आहेत: काय परत देतो, वस्तू की पत्ता. पुढच्या वर्षी सातवा विषय येणार असं कानावर आहे. येऊ दे.