गुण वाढले, पण शिकणे?

‘एआय वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, मग प्राध्यापकांची तक्रार कशाला?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल मला पटला नाही. घरी लिहून आणलेल्या असाइनमेंटचे गुण वाढले म्हणजे विद्यार्थी शिकला, असे ते धरून चालतात.

तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांवर गणितात झालेला प्रयोग त्यांनी पाहावा. चॅटजीपीटीसारखे साधन हाताशी असताना सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. साधन काढून परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले हे साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. ही मुले शाळेतली, हे मान्य. पण तयार उत्तर उतरवण्याची सवय बी.एस्सी.ला आल्यावर सुटत नाही, हे मी वर्गात रोज पाहते.

म्हणून बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. हार्वर्डमध्ये २०२३ साली भौतिकशास्त्राच्या १९४ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात एआय शिक्षकाकडून मुले वर्गापेक्षा कमी वेळात जास्त शिकली. मात्र ते साधन शिकवणाऱ्यांनीच घडवले होते: एका वेळी एकच पायरी, सगळे उत्तर एकदम द्यायचे नाही. मोबाइलवरच्या फुकट चॅटबॉटकडून विद्यार्थी थेट उत्तरच मागतात.

म्हणून विद्यार्थ्याला खरेच किती समजले हे कळण्यासाठी आपल्याकडे अंतर्गत मूल्यमापनातले निम्मे गुण तरी तोंडी परीक्षेवर द्यावेत. मोठ्या वर्गात हे जिकिरीचे आहे, आणि प्राध्यापकांची रिक्त पदे भरल्याशिवाय अशक्यच. ती पदे भरण्याची मागणी पत्रलेखकांनीही आमच्याबरोबर करावी.

– एक प्राध्यापिका, सांगली