वही पक्की, पण काट्याचे काय?



२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तुमसर त्याच मतदारसंघात. भर उन्हात यंत्रे बंद पडली, माणसे ताटकळली, ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. खापर फुटले उन्हावर!

आता शहाणी माणसे उपाय सांगतात, ब्लॉकचेन. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेलंगणात खम्ममला तिच्या आधाराने मोबाइल मतदानाची रंगीत तालीमही झाली. ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची वही. तिच्या नकला अनेकांकडे, प्रत्येक पान मागच्या पानाला बांधलेले. एक आकडा खोडला की चोरी उघडी. वही पक्की आहे, हे कबूल.

पण कापूस विकणाऱ्याला विचारा, काटा मारतात तो वहीत की तराजूवर? क्विंटलमागे दोन किलो खाल्ले, तर तो खोटा आकडा शंभर वह्यांत लिहून खरा होतो काय? मत चुकीचे नोंदले गेले, तर ब्लॉकचेन ती चूकच जन्मभर जपणार. आणि घरबसल्या मोबाइलवर मत द्यायचे, तर सावकार शेजारी येऊन बसेल. मग गुप्त मतदान कसले?

काट्याची परीक्षा कागदी चिठ्ठीत आहे. सात सेकंद दिसते, पेटीत पडते. मोजतात मात्र विधानसभेच्या एका मतदारसंघात पाचच केंद्रांच्या. सगळ्या मोजा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. फेटाळली म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

नवी वही नंतर आणा. आधी चिठ्ठ्या मोजा, सगळ्या मोजा, आमच्या डोळ्यांदेखत मोजा!