जिवाणूंचा कारखाना

मुलांनो, तुमच्या वर्गात डबा खाण्याआधी इन्शुलिन टोचून घेणारं कुणी आहे का? ते इन्शुलिन येतं कुठून, सांगा पाहू!

इन्शुलिन हे आपल्या स्वादुपिंडात तयार होणारं प्रथिन. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायची, तर ते हवंच. ते नसेल तर पोटभर जेवूनही मूल खंगत जातं. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला ते दिलं आणि तो आणखी १३ वर्षं जगला. पण तेव्हा ते गुरांच्या नि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे.

१९७८ साली कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी गंमतच केली. माणसाचं इन्शुलिन बनवायची कृती, म्हणजे त्याचं जनुक, त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत घातलं. हा जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. बघता बघता कोट्यवधी कारागीर कामाला! १९८२ पासून हे औषध मिळू लागलं. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवतानाही त्यांच्या खुराकात असं इन्शुलिन घालतात.

तेव्हा मैत्रीण सुई टोचून घेत असेल तर टकमक बघू नका हं. डबा उघडायला तिच्यासाठी थांबा.

— तुमच्या बाई