गाडी थांबवणारा माणूस धरणावर का नाही?

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू झाले आणि नेहमीची कुरकुर सुरू झाली. वीर ते कणकवली गाडी ताशी ७५ किलोमीटरनेच का, इतक्या वर्षांत दरडीने तसा मोठा अपघात कुठे झालाय, असे विचारले जाते. अपघात झाला नाही म्हणून खबरदारी फुकट गेली, हा तर्क मला घातक वाटतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने पन्नासहून अधिक बळी घेतले. वर्ष भरायच्या आत, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेसही अशाच दगडांवर घसरली. कोणती दरड कधी सुटेल हे सांगता येत नाही. म्हणून रेल्वेने ती सुटणारच असे धरून वेग कमी केला आणि गस्त वाढवली. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ माती रुळावर आली, तेव्हा वाहतूक दिवसभर ठप्प झाली, पण एकही प्रवासी दगावला नाही.

दिवाणखवटीच्याच रत्नागिरी जिल्ह्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि भेंदवाडीतली वीसएक माणसे गेली. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि सगळी चर्चा खेकड्यांभोवतीच फिरली. खेकड्यांनी भोके पाडली असे क्षणभर मानू. तरी मातीच्या धरणात पाणी आधी झिरपते, मग मातीचे कण घेऊन बाहेर पडते आणि वाट रुंदावत जाते. गळती गढूळ झाली की धोका वाढला हे उघड्या डोळ्यांना दिसते. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फरक इथे आहे. रुळावर दगड दिसला तर गस्तवाला लाल दिवा दाखवून गाडी थांबवतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. धरणाची गळती पाहणाऱ्याच्या हाती मात्र अर्ज करण्यापलीकडे काही नव्हते. म्हणून कारण शोधताना आपण भोक कोणी पाडले यापेक्षा इशारा कुठे अडला हे आधी विचारले पाहिजे.

कोकण रेल्वे हे एक महामंडळ आहे, लहान धरणे मात्र डोंगरोडोंगरी विखुरलेली, प्रत्येक ठिकाणी यंत्रे कुठून आणणार, हा आक्षेप रास्त आहे. पण मी यंत्रे मागत नाही. पावसाचे चार महिने एक पगारी राखणदार हवा आणि एक लेखी नियम हवा: गळती गढूळ दिसली की खालची वाडी रिकामी, तालुक्याच्या होकाराची वाट न पाहता. काही रात्री लोकांना उगाच हलवावे लागेल, ते चिडतील, हेही खरे. गाड्याही कितीदा उगाच थांबतात. ही किंमत लोकांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे राखणदारावरचा विश्वास उडणार नाही.

तुमच्या गावाच्या वर धरण असेल तर येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: रात्री वाडी रिकामी करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तरात माणसाचे नाव आले नाही, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.