खोटे पहिल्या पानावर, कबुली आतल्या पानावर!

इराक, अमेरिका, युनो असे विषय काढले की आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, 'साहेब, आधी स्कॉलरशिपचे बोला, गायरान जमिनीचे बोला. जगाची उठाठेव आपल्याला कशाला?' हाच सल्ला १९६७ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना अमेरिकेच्या प्रस्थापित पत्रांनी दिला होता. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधून किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला. तीनच दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेख लिहून, किंग यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत केली, असा ठपका ठेवला. अर्थ सरळ होता. काळ्यांनी काळ्यांच्या हक्कांचे बोलावे, युद्ध आणि तह हे शहाण्यासुरत्यांचे काम!

बाबासाहेबांनी ही वाटणी कधी मान्य केली नाही. १९५१ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याचे हिंदू कोड बिलाचे कारण सर्वांना पाठ आहे. पण त्याच निवेदनात नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावरची नाराजी हेही एक कारण होते, हे किती जणांना ठाऊक आहे? साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर खर्च होतात, असा हिशेबच त्यांनी देशापुढे ठेवला होता. लष्करावर गेलेला पैसा कुणाच्या शाळेतून आणि कुणाच्या दवाखान्यातून जातो, हे त्यांना पक्के माहीत होते.

तेव्हा इराकबद्दल आम्ही बोलणारच. त्या युद्धाला दोन दशके उलटून गेली, पण ते कसे घडवले गेले याची चिरफाड आजही उपयोगाची आहे.

८ सप्टेंबर २००२, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी आली की, सद्दाम हुसेन हजारो खास ॲल्युमिनियम नळ्या मिळवण्याच्या खटपटीत आहे आणि त्या अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध करायला लागतात. सांगणारे कोण? नाव न देता बोलणारे सरकारी अधिकारी. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि म्हणाले, हे मी सांगत नाही, आजचा 'टाइम्स' सांगतो! म्हणजे सरकारने कानात सांगितले ते पत्राने छापले, आणि पत्राने छापले म्हणून सरकारने ते पुरावा म्हणून फडकावले. आमच्या कोर्टात याला पढवलेला साक्षीदार म्हणतात. तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकीलसुद्धा दोन प्रश्नांत असा साक्षीदार उघडा पाडतो. ऐकीव माहितीला तिथे किंमत नाही, निनावी साक्षीदाराला पिंजऱ्यात जागा नाही. एका देशावर बॉम्ब टाकायला मात्र एवढे पुरले.

त्या नळ्या साध्या रॉकेटसाठी आहेत, असे अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ म्हणत होते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रे दाखवली. तो सारा मजकूर मुख्यतः 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या एका इराकी निर्वासिताच्या सांगण्यावर उभा होता. आपण खोटे बोललो, हे त्याने २०११ साली स्वतःच कबूल केले. इराकने नायजरकडून युरेनियम घेऊ पाहिल्याची कागदपत्रे बनावट आहेत, हे तर अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहमद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी, हल्ल्याच्या दोन आठवडे आधी, सुरक्षा परिषदेला सांगितले होते. तरीही २० मार्चला हल्ला झाला. युनोच्या सनदेप्रमाणे स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी, यातले एक तरी लागते. इथे दोन्ही नव्हते.

शस्त्रे सापडली नाहीत. ती नव्हतीच. मग २६ मे २००४ रोजी 'टाइम्स'ने वाचकांना उद्देशून एक टिपण छापले. आमची पडताळणी कमी पडली, खळबळजनक दावे ठळक छापले गेले आणि त्यांच्यावर शंका घेणारा मजकूर आत दडला, अशी कबुली त्यात होती. आणि ती छापली कुठे? दहाव्या पानावर! ज्या दोषाची कबुली दिली, तोच दोष कबुली देताना पुन्हा केला. इराकमधल्या मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या 'इराक बॉडी काउंट'च्या यादीत पावणेदोन लाखांहून अधिक नागरिक आहेत. एवढ्या माणसांसाठी दहावे पान.

सगळेच पत्रकार विकले गेले होते का? नाही. 'नाइट रिडर' नावाच्या कंपनीचे वॉशिंग्टन कार्यालय पहिल्यापासून शंका घेत होते. जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे त्यांचे बातमीदार मंत्र्यांच्या मेजवानीला बसणारे नव्हते. ते खालच्या पायरीवरच्या अधिकाऱ्यांना आणि तज्ज्ञांना विचारत होते. बातमी वरून घेतली की हुकूम मिळतो, खालून घेतली की खरे कळते. त्यांचे संपादक जॉन वॉलकॉट यांची भूमिका अशी होती की, दुसऱ्यांची मुले युद्धावर धाडणाऱ्यांसाठी आम्ही लिहीत नाही, ज्यांची मुले धाडली जातात त्यांच्यासाठी लिहितो. त्या कंपनीची तिसाहून अधिक पत्रे होती. त्यांतल्याही काहींनी आपल्याच कार्यालयाच्या या बातम्या घेतल्या नाहीत, कारण मोठ्या पत्रांत तसे काही येत नव्हते!

ज्यांची मुले धाडली जातात, हे शब्द आम्हाला लागतात. २००३ च्या उन्हाळ्यात भारतीय फौज इराकला पाठवावी म्हणून अमेरिकेचा तगादा होता, आणि आपल्याकडच्या काही विद्वानांना तो मोह पडलाही होता. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. विरोधी विचाराच्या सरकारचाही योग्य निर्णय योग्यच म्हणावा लागतो. गेले असते ते जवान कुणा वाहिनीच्या मालकाच्या घरचे नव्हते.

आता आपल्याकडे बघा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची निर्घृण हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत काय होते? 'अनैतिक संबंध'! पोलिसांनी तोंडी सांगितले, पत्रांनी छापले. नळ्यांच्या बातमीचा कारखाना तोच, फक्त माल वेगळा. जमीन, जात, आधीच्या तक्रारी हे सारे पुढे आले ते लोक रस्त्यावर उतरल्यावर. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर जे शिंतोडे उडवले, त्याबद्दल दहाव्या पानावरची कबुलीही आमच्या पाहण्यात नाही.

आणि हे जुने झाले म्हणावे, तर मे २०२५ मधली भारत-पाक चकमक आठवा. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आपल्या वाहिन्यांनी रात्रभर ओरडून सांगितले. ते घडलेच नव्हते. त्याच दिवसांत पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी मारला गेलेला एक मुस्लिम शिक्षक काही वाहिन्यांनी अतिरेकी म्हणून दाखवला. शत्रूच्या गोळ्याने गेलेल्या माणसाला त्याच्याच देशाने शत्रू ठरवले! जून २०२५ मध्ये पूंछच्या न्यायालयाने याबद्दल गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. एका लहान गावच्या न्यायाधीशाने जे विचारले, ते दिल्लीच्या एकाही स्टुडिओने स्वतःला विचारले नव्हते.

अबू घरेबच्या तुरुंगात छळ झालेल्या तीन इराकींनी अमेरिकेतल्या एका कंत्राटी कंपनीवर दावा केला होता. सोळा वर्षे लढल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातील ज्यूरीने त्यांना ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. त्यातला एक पत्रकार, एक शाळेचा मुख्याध्यापक, एक फळविक्रेता. छळणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचता आले. खोटे छापणाऱ्याला कुठे खेचणार?

आपल्याकडे प्रेस कौन्सिल आहे. १९७८ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार ती ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. दंड नाही, शिक्षा नाही, आणि टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेतच नाहीत. ज्या पानावर खोटे छापले त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात दुरुस्ती छापायची सक्ती कायद्यात हवी, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. तोवर जे हत्यार आहे ते तरी वापरा. वस्तीबद्दल, समाजाबद्दल खोटी बातमी आली की नुसता चौकात संताप करू नका. आधी संपादकाला लेखी पत्र द्या, त्याची पोच ठेवा. दाद मिळाली नाही तर कौन्सिलकडे तक्रार करा. दैनिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते, म्हणून कात्रणावर तारीख आणि पान क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवा.