गुडघ्यापुरती जागा

गेल्या वैशाखात आजीला घेऊन इंदूरहून हैदराबादला, आत्याच्या घरच्या लग्नासाठी, विमानाने जाण्याचा योग आला. आजीचा हा पहिलाच विमानप्रवास. खिडकीतून खाली पसरलेले ढग पाहून ती हरखली खरी, पण उतरल्यावर आत्याने प्रवासाची विचारपूस करताच गुडघे चोळीत म्हणाली, "विमान मोठं गं, पण जागा टांग्याहून लहान!" सारे हसले. मला मात्र तिचे बोलणे हसण्यावारी नेता आले नाही.

देशांतर्गत मार्गांवर आज मोठ्या संख्येने दिसणारी एअरबस ए-३२० जातीची विमाने आपल्याकडे १९८९ साली इंडियन एअरलाइन्सने आणली. मध्ये एक अरुंद वाट आणि दोहो बाजूंस तीन-तीन आसने, अशी त्यांची रचना. दोन वर्ग ठेवून ऐसपैस मांडणी केली तर सुमारे १५० माणसे बसतात. एकच वर्ग ठेवला की १८०, आणि मागील स्वच्छतागृह व खानपानाची जागा आक्रसली की १८६. विमानाची लांबी तीच! मग जागा येते कोठून? उत्तर गणिताच्या तासाला शोभेल असे आहे. तीस रांगांतून प्रत्येकी एक इंच काढला की तीस इंच जमतात, आणि तेवढ्यात सहा आसनांची एक नवी रांग बसते. एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर स्वस्त प्रवासात सामान्यतः २८ ते ३० इंच असते. पाठीची जाडीही त्यातच धरलेली. उरेल ते गुडघ्यांचे.

या काटकसरीची दुसरी बाजू मी नाकारीत नाही. तिच्यामुळेच तिकीट आमच्यासारख्या कुटुंबाच्या आवाक्यात आले. विमान असुरक्षित आहे, असेही माझे म्हणणे नाही. निम्मी दारे बंद असताना सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे विमान बनविणाऱ्यास सिद्ध करावे लागते. मात्र त्या परीक्षेस बसविली जाणारी माणसे प्रकृतीने धडधाकट असतात. आजीला तर आसनातून नुसते उठावयास माझा हात लागला.

माझी तक्रार निराळीच आहे. कापडवाला मीटर लावून कापड देतो. वैधमापन कायद्यानुसार बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावे लागते. विमानाच्या तिकिटावर मात्र वेळ, भाडे, सामानाचे किलो, सारे काही असते. जी जागा आपण विकत घेतो तिचे माप तेवढे नसते. इंचांची किंमत कंपन्यांना ठाऊक नाही म्हणावे, तर पाय पसरता येतील अशा रांगांसाठी त्या जादा दाम घेतातच की! त्यांतील संकटकालीन दारालगतची रांग वृद्धांस नियमानेच मिळत नाही. ज्यांना ती जागा हवी, त्यांनाच ती वर्ज्य. तेव्हा भाड्याच्या आकड्याशेजारी इंचांचाही आकडा छापावा, एवढेच मागणे आहे. मग स्वस्त घ्यावे की सैल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परतीच्या वेळी बाबांनी पहिल्या रांगेचे जादा पैसे भरले. आजीला ते कोणीच सांगितले नाही. "हे विमान बरं होतं हो," असे ती अजून म्हणते.