पुढचा भाग, पुढच्या आठवड्यात!

रात्री दोनला ‘नेक्स्ट एपिसोड’ आपोआप सुरू होतो, तेव्हा डोकं चालवायला आपल्याला किती वेळ मिळतो? जेमतेम काही सेकंद! १९१४ मधल्या अमेरिकन प्रेक्षकांना अख्खा आठवडा मिळायचा, बॉस.

त्या वर्षी थॅनहाउजर कंपनीची ‘द मिलियन डॉलर मिस्टरी’ ही मूकपट-मालिका आली. एक कोट्यधीश गायब, त्याचे दहा लाख डॉलर्सही गायब. मागावर ‘ब्लॅक हंड्रेड’ नावाची टोळी आणि कचाट्यात त्याची मुलगी फ्लॉरेन्स. २२ भाग झाले आणि शेवट चक्क प्रेक्षकांकडून मागवला. शंभर शब्दांत रहस्य सोडवा, १०,००० डॉलर्स मिळवा! जिंकलं कोण? सेंट लुईसची एक स्टेनोग्राफर. म्हणजे आपल्यातलीच, दिवसभर साहेबांची पत्रं टाइप करणारी. मग २३वा, शेवटचा भाग आला.

गंमत बघा, पडद्यावरचा खजिना शोधला गेला, पण सिनेमाच हरवला. त्याची रिळं आज उपलब्ध नाहीत.

म्हणून या वीकेंडला एक करा. हीरो कड्यावर लटकला, की स्क्रीन बंद. पुढे काय, ते आधी तुम्ही ठरवा. बक्षीस नाही मिळणार, पण त्या स्टेनोग्राफरची मजा नक्की कळेल!